तुझी तोटी तू धू

मिलिंद, तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले. तुझा टँक माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे, चष्म्याच्या त्याच तपकिरी केसमध्ये. परवा वैशालीवहिनींचा फोन आला होता, "भावजी, ते तुमचं यंत्र घेऊन जा. मला घरात नको." काल जाऊन घेऊन आलो.

यंत्र माझंच म्हणायचं. आधी मी सिगरेट सोडून या इलेक्ट्रॉनिक प्रकाराकडे वळलो आणि मग चार वर्षांपूर्वी तुझ्या वाढदिवसाला तुलाही एक घेऊन दिलं. खाली बॅटरी आणि वर लिक्विड भरायचा काचेचा टँक. तू ते उलटसुलट करून बघितलंस आणि म्हणालास, "हे ओढायचं की पाजायचं?" त्या दिवसापासून तू सिगरेटला हात लावला नाहीस हेही खरंच आहे.

तुझ्याबद्दल इथे जर्मनीतल्या मराठी मंडळींनी ग्रुपवर पुष्कळ लिहिलंय. मनमिळाऊ, हसतमुख, मदतीला धावून जाणारा. खोटं त्यात काही नाही. फक्त सगळ्यांनी तोच गणपतीतला फोटो लावलाय, ज्यात तू मोदकांचं ताट धरून उभा आहेस आणि तुझे डोळे मिटलेले आहेत. मला तसलं लिहिता येत नाही. मी क्वालिटीतला माणूस, मला दोष शोधता येतात. तू तर मला हाकही त्याच नावाने मारायचास. "काय रे क्वालिटी, उठलास का?"

तेव्हा जे मला नीट माहीत आहे त्याबद्दलच लिहितो. म्हणजे तुझ्या टँकबद्दल.

पाच भाग. खाली बैठक, तिच्यात बसणारी, कापसातलं लिक्विड तापवणारी कॉइल, तिच्याभोवती काच, काचेवर झाकण आणि झाकणात तोंडाला लावायची तोटी. शिवाय तीन रबरी ओ-रिंगा, ज्यातली एक तू नेहमी हरवायचास. उरलेलं लिक्विड काढून टाकायचं, भाग सुटे करायचे, कॉइल सोडून बाकी सगळं कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचं, मऊ ब्रशने घासायचं, किचनपेपरवर वाळवायचं. रिंगांना लिक्विडचं एक बोट लावायचं म्हणजे त्या कोरड्या पडत नाहीत. कॉइल नवी असेल तर तिच्या कापसावर आधी तीनचार थेंब सोडायचे आणि कापूस भिजेपर्यंत गप्प बसायचं. हे शेवटचं तुला कधी जमलं नाही. कोरड्या कापसावर ओढायचास, ठसकायचास आणि जर्मन मालाला शिव्या द्यायचास. माल चीनचा होता.

चाकणच्या कंपनीत तू मेंटेनन्सला होतास आणि मी क्वालिटीत, तेव्हापासूनचा आपला वाद. तुझं एकच वाक्य, "चालतंय ना? मग उघडू नको." माझं म्हणणं, बिघडायच्या आधी उघडायचं. मशीन बंद पडली की मी तुझ्याकडे व्हाय-व्हायचा फॉर्म पाठवायचो. एकाखाली एक पाच चौकोन, प्रत्येकात एक 'का'. मशीन का थांबली, बेल्ट का तुटला, असं खाली खाली जायचं, पाचव्या चौकोनात खरं कारण सापडतं असं मानायचं. तू तीन चौकोन भरायचास आणि उरलेल्या दोनांत 'वरीलप्रमाणे' लिहायचास. मी फॉर्म परत पाठवायचो. कँटीनमध्ये तू माझ्या ताटातली जिलबी उचलून म्हणायचास, "ही का उचलली, त्याचा फॉर्म पाठव."

मग तू रेगेन्सबर्गला आलास आणि वर्षभराने तुझ्या ओळखीने मीही आलो. स्टेशनवर न्यायला तूच होतास. आनमेल्डुंगसाठी, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीसाठी, टाउन हॉलमध्ये नंबर लावून माझ्याबरोबर तू बसलास, घर मिळेपर्यंत तीन आठवडे मी तुमच्या सोफ्यावर झोपलो. या सगळ्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तू चेष्टा केली असतीस म्हणून, असं मी स्वतःला सांगतो.

टँक धुवायला तू माझ्याकडे का यायला लागलास, हे वहिनींना चांगलं माहीत आहे. पहिल्या महिन्यात तू तो चहाच्या पातेल्यात उकळलास. पुढे महिनाभर तुमच्याकडच्या चहाला स्ट्रॉबेरीचा वास. वहिनींनी पातेलं टाकून दिलं आणि तुला सांगितलं की हे असलं काही पुन्हा माझ्या ओट्यावर दिसता कामा नये. मग दर रविवारी सकाळी दहाला तू माझ्याकडे. इथे रविवारी दुकानं बंद, ड्रिल चालवायचं नाही, बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या काचकचऱ्याच्या पिंपात टाकायच्या नाहीत, आवाज होतो. आवाज न करता दोन पुरुषांनी करण्यासारखं दुसरं काम तरी कुठलं होतं?

ते निमित्तच होतं, हे मला उशिरा कळलं. त्याच वर्षी माझा घटस्फोट झाला होता आणि रविवारी मी दिवसभर कोणाशी बोलत नव्हतो. तू कापडी पिशवी घेऊन यायचास. खाली वहिनींनी भरलेला डबा आणि डब्यावर ती चष्म्याची केस. टँक वीस मिनिटांत धुऊन व्हायचा आणि तू दुपारी तीनपर्यंत बसायचास. मी जेवल्याशिवाय तू कधी उठला नाहीस.

आता नियमाची गोष्ट. नियम माझा होता. बैठक, काच, झाकण सगळं मी धुवायचो, तुझंही आणि माझंही. तोटी नाही. ती तोंडाला लागलेली असते, उष्टी. ज्याची त्याने उचलायची, बेसिनवर जाऊन धुवायची आणि मग बाकीच्यांत आणून ठेवायची. आमच्याकडे जेवल्यावर आपलं ताट आपण उचलायचं, दुसऱ्याच्या उष्ट्याला हात लावायचा नाही, दुसऱ्याला लावू द्यायचा नाही, असंच होतं. तुला हे हास्यास्पद वाटायचं.

"अरे, चाकणला एका बाटलीतनं पाणी प्यायलोय आपण."

"वरून प्यायलो."

"तू वरून प्यायलास. मी तोंड लावून. आणि माझ्यानंतर तू प्यायलास."

ते तू मला आधी सांगितलं नव्हतंस. आठ वर्षांनी सांगितलंस आणि माझं तोंड बघून पोट धरून हसलास.

नियम तू पाळलास, पण तुझ्या पद्धतीने. नळाखाली एकदा धरायचास, शर्टाला पुसायचास, झालं. मी ओरडायचो. जुन्या कॉइल कुठल्या कचऱ्यात टाकायच्या यावरही आपलं कधी पटलं नाही. तू म्हणायचास प्लॅस्टिकच्या पिवळ्या पिशवीत, मी म्हणायचो नाही, त्यात धातू आहे, कापूस आहे, निकोटिन आहे. ठरेपर्यंत म्हणून मी त्या जॅमच्या बाटलीत टाकत गेलो. बाटली अजून सिंकखाली आहे. ठरलं नाही.

मागच्या डिसेंबरात तू नोकरी बदललीस. खोकला जानेवारीत सुरू झाला.

इथून पुढचं मी क्रमाने लिहितो, कारण तसंच लिहिलं तर मला लिहिता येतं.

पहिल्या रविवारी मी म्हणालो, कॉइल जळलीये. बदलली. दुसऱ्या रविवारी पुन्हा बदलली. मग म्हटलं लिक्विड फार पातळ आहे, घशाला लागतं, जरा दाट घे. तू घेतलंस. मग दाट लिक्विड कापसात नीट शिरत नसेल म्हणून मोठ्या भोकांची कॉइल. मग सगळ्या रिंगा नव्या. फेब्रुवारीत मी सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या पाठीमागे पाच चौकोन काढले आणि तू खूश झालास, "आला, आला, क्वालिटीचा फॉर्म आला!" खोकला का? घसा भाजतो. का? वाफ गरम. का? कापूस कोरडा पडतो. का? हवेचं भोक अर्धं बुजलंय. आपण टाचणीने भोक साफ केलं. पाचवा चौकोन मी रिकामाच ठेवला, कारण सापडलं होतं. तो कागद माझ्याकडे आहे. त्यात कापूस आहे, काच आहे, भोक आहे. मिलिंद हे नाव कुठेही नाही.

जॅमच्या बाटलीत त्या दोन महिन्यांतल्या नऊ कॉइल आहेत. परवा मी त्या बाहेर काढून बघितल्या. नऊच्या नऊ चांगल्या होत्या.

आणि त्याच काळात तुझी तोटी स्वच्छ येऊ लागली. माझ्याकडे आल्यावर धुतलेली नव्हे, घरूनच धुऊन, पुसून, केसच्या कोपऱ्यात वेगळी ठेवलेली. आतून बाहेरून चकचकीत. मी ती उजेडात धरली आणि म्हणालो, "बघ, चार वर्षं लागली, पण सुधारलास." तू म्हणालास, "गेनाऊ." बरोबर, एवढंच म्हणालास. तू एका शब्दात कधी उत्तर देत नव्हतास, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

एकच रविवार वेगळा होता, मार्चमधला. केस मी उघडली. तोटी नेहमीसारखी चकचकीत, उघडी नव्हती. पांढऱ्या टिश्यूपेपरमध्ये गुंडाळून ठेवली होती, नीट, घडी घालून. मला वाटलं, तू पुन्हा आळशी झालास आणि न धुताच गुंडाळलीस. मी टिश्यू उघडलासुद्धा नाही. दोन बोटांत धरून तुझ्याकडे सरकवली आणि म्हणालो, "विसरलास ना? तुझी तोटी तू धू."

तू झटकन उचललीस. बाथरूममध्ये बराच वेळ नळ चालू होता. मी इकडे रिंगांना लिक्विड लावत होतो. तू बाहेर आलास तेव्हा मी तुला बैठकीचा आटा किती सुरेख स्वच्छ झालाय ते दाखवलं आणि तू बघितलंस.

डॉक्टरकडे तू जूनमध्ये गेलास. ऑगस्ट संपायच्या आत सगळं आटोपलं.

हॉस्पिटलात एका दुपारी आपण दोघंच होतो. नाकात नळी होती आणि तू थांबून थांबून बोलत होतास.

"लाल दिसायचं रे मला. फेब्रुवारीपासनं."

"कुठे?"

"तोटीवर. म्हणून तर घरनं धुऊन आणायचो."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस. तू म्हणालास, "प्रोबेत्साइट." नव्या नोकरीतले पहिले सहा महिने. मेअखेर संपणार होते. त्यात मोठी रजा पडली तर काढून टाकतील, नोकरी गेली तर व्हिसा, व्हिसा गेला तर पोरीची, ईराची शाळा. "म्हटलं, एकदा पक्कं होऊ दे. मग उघडू." तू उघडू म्हणालास. डॉक्टरकडे जाऊ असं नाही म्हणालास.

मला इतका राग आला की मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. राग अजूनही आहे. मी आलो तेव्हा मला दहा ऑफिसांत घेऊन फिरणारा तू, इथला प्रत्येक कागद तुला पाठ, आणि तुला एकदा कोणाला विचारता आलं नाही की आजारी माणसाचं इथे काय होतं? मला विचारायचंस. मी विचारून आलो असतो.

मग तू मला जवळ बोलावून सांगितलंस, "वैशूला यातलं काही माहीत नाही. मला आधीपासनं कळलं होतं हे तिला सांगू नको. शपथ आहे तुला."

मी हो म्हणालो.

म्हणून अंत्यसंस्काराच्या वेळी मी गप्प राहिलो. तिथल्या हॉलमध्ये सगळे ओळीने वहिनींना भेटत होते. माझी पाळी आली तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या हातात होतं हो, भावजी." बाकी काही नाही. मला कळलं ते असं, की या यंत्राने घात केला आणि यंत्र मी दिलं होतं. वीस वर्षांच्या सिगरेटींचं डॉक्टर त्यांना सांगून चुकले होते, पण माणसाला दोष द्यायला समोर काहीतरी लागतं, असं मी समजून घेतलं. मला एका वाक्यात सुटता आलं असतं. त्याला ठाऊक होतं, वहिनी, त्याने लपवलं. तुझी शपथ आठवून ते वाक्य मी गिळलं. तेव्हापासून ते माझ्या घशाशी होतं. ज्या घरात मी तीन आठवडे झोपलो, ज्या घरचा डबा चार वर्षं जेवलो, त्या घरच्या बाईने मला तुझा मारेकरी समजावं, हे मला सहन होत नव्हतं. काल तुमचे जिने चढताना मी ठरवलं की सांगून टाकायचं. तू तर गेलास. शपथ किती दिवस पाळायची?

दार ईराने उघडलं. केस शू-रॅकवर ठेवलेली होती. मी उचलली तशी ती म्हणाली, "ओंकेल, डास गेह्योर्ट पापा." मी म्हटलं, "हो गं, पपाचंच आहे. मी धुऊन ठेवतो." ती मराठी सगळं समजते, उत्तर तेवढं जर्मनमध्ये. तिने थोडा विचार केला आणि आत निघून गेली.

वहिनींनी चहा केला. मी कप हातात धरून बसलो आणि सुरुवात केली.

"वहिनी, एक सांगायचंय. मिलिंदला आधीपासून माहीत होतं. तोटीवर रक्त दिसायचं त्याला. तो घरून धुऊन आणायचा, म्हणून मला..."

"हे धुवायचे?" वहिनी म्हणाल्या. "भावजी, ह्यांनी कधी चहाचा कप तरी विसळलाय का?"

मी कप टेबलावर ठेवला.

"मी धुवायचे. दर रविवारी, तुमच्याकडे निघायच्या आधी. हे सांगायचे, त्याला दिसता कामा नये, त्याला दिसलं तर तो मला उचलून डॉक्टरकडे नेईल. रोज भांडायचे मी. मग एक दिवस ईराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली मला. कोणाला एक शब्द बोलायचा नाही, तुम्हाला तर नाहीच नाही."

तर हे होतं. मला शपथ घालून तू वहिनींना वाचवत होतास. बाईला माहीत होतं आणि ती गप्प बसली, असं कोणी म्हणू नये म्हणून. आणि आम्ही दोघं, एकाच माणसाच्या दोन शपथा घेऊन, त्या हॉलमध्ये समोरासमोर उभे होतो.

वहिनींनी माझ्यासमोरचा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "बोलायचं नाही एवढीच शपथ होती. धुवायलाच पाहिजे अशी नव्हती. एका रविवारी मी धुतली नाही. ह्यांचं लक्ष नव्हतं. पांढऱ्या टिश्यूत गुंडाळली, पांढऱ्यावर लगेच दिसतं म्हणून. म्हटलं, भावजी एवढे बारकाईने बघणारे, केस तेच उघडतात. दिवसभर मी फोन हातात घेऊन बसले होते, तुमचा येईल म्हणून. हे तीन वाजता आले आणि म्हणाले, डबा छान झाला होता म्हणाला."

मी केस घेऊन उठलो.

"तुमच्या हातात होतं, भावजी," त्या म्हणाल्या. रागाने नाही. जे झालं होतं तेच पुन्हा एकदा सांगितल्यासारखं.

आज रविवार आहे, मिलिंद. दहा वाजलेत. टँक सुटा केला. बैठक, काच, झाकण कोमट पाण्यात घातलं. मग तोटी घेतली, पाण्यात घालायच्या आधी पांढऱ्या किचनपेपरवर ठेवली आणि खिडकीपाशी नेऊन सगळ्या बाजूंनी बघितली. आतूनही बघितली. काही नाही रे. स्वच्छ आहे. वहिनींनी धुऊनच दिली होती.

तरी मी ती पुन्हा धुतली.